समोरच्या पैलवानाचं ताट

ज्याच्याशी माझी कुस्ती लागली होती, तोच आमच्या खानावळीत जेवायला येऊ लागला, तेव्हा तालमीतल्या पोरांना हसू आलं. मला नाही आलं.

तेव्हा मी विशी ओलांडलेला असेन. वडील सोलापुरात गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. छातीच्या दुखण्यानं ते गेले आणि आईनं गिरणीच्या मागच्या आळीत एक लांबट खोली भाड्यानं घेऊन खानावळ घातली. खानावळ म्हणजे काय, दोन चुली, पाण्याचे रांजण आणि भिंतीच्या कडेनं अंथरलेली पोती. भोंगा झाला की कामगार यायचे, पोत्यांवर मांडी घालून बसायचे. ज्वारीची भाकरी, आमटी, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. खेड्यापाड्यांतून एकटे आलेले लोक जास्त. तेलुगू बोलणारे विणकरही यायचे; त्यांना चटणी दोनदा वाढावी लागे.

माझा दिवस पहाटे तालमीत सुरू व्हायचा. जोर, बैठका, मग तांबड्या मातीच्या हौद्यात लढती. अंगावरची माती धुतली की तडक खानावळीत. लाकडं फोडायची, पाणी भरायचं आणि परातीशी बसून पीठ मळायचं. भाकऱ्या थापायला मला आईनंच शिकवलं होतं. पैलवान असून भाकरी थापतो, म्हणून सुरुवातीला लाज वाटायची. पण एकदा वस्तादांनी माझं मनगट धरून पाहिलं आणि इतर पोरांना म्हणाले, "तुम्हीपण जा याच्या आईकडं पीठ मळायला." त्यानंतर लाज गेली. आमचे वस्ताद वयस्कर मुसलमान गृहस्थ होते. रागवायचे दखनीत आणि समजावायचे मराठीत.

घरचा स्वयंपाक मात्र वेगळा. यावर आई अडून बसलेली असायची. खानावळीतलं उरलेलं तिनं मला कधी वाढलं नाही. "ते समद्यांचं. तुझ्या अंगाला लागंल ते मी घरीच करनार," म्हणायची. दोन पंगतींच्या मधल्या वेळात ती घरी जाऊन छोटी चूल पेटवायची. तिखट कमी, तूप जमेल तेवढं. बदामाचा खुराक आमच्या आवाक्यात नव्हता. ती शेंगदाणे रात्रभर भिजवून गुळाबरोबर द्यायची. दिवसभर चुलीपुढं बसलेली बाई पुन्हा दुसऱ्या चुलीपुढं बसते, हे मला बघवत नसे. पण तिच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

सोलापुरात संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते. जत्रेच्या शेवटी कुस्त्या होत. त्या वर्षी पंचांनी माझी जोड मंगळवेढ्याकडच्या एका पैलवानाशी लावली. माझ्याच वयाचा, लांब हातांचा, मिशी नीट न फुटलेला. त्याचा मामाच त्याचा वस्ताद. बाजारातला एक आडत्या त्याच्या खुराकाचा खर्च करत होता. त्यानंच जत्रेच्या बऱ्याच आधी मामा-भाच्याला सोलापुरात आणून आपल्या वखारीमागच्या खोलीत ठेवलं होतं. पण या शेटजींच्या घरी सोवळं कडक. पैलवानाचं पान तिथं मांडलं जाणं शक्य नव्हतं. म्हणून जेवणाची सोय बाहेर बघायची होती, आणि मामा फिरत फिरत आमच्या दारात आला.

"हितं समदे एकाच हंडीतलं जेवत्यात न्हवं?" त्यानं आईला विचारलं.

"एकाच."

"मग झालं. पोराला सांगून ठेवतो, हितं सोडून कुटं पानी बी प्यायचं न्हाई. कुस्तीच्या आदी लोक काय बी घालत्यात पोटात."

मी परातीशी बसलो होतो. मामानं मला ओळखलं नव्हतं. आईनं ओळख करून दिली. "ह्यो माझा ल्योक. तुमच्या भाच्याची जोड ह्याच्याशीच हाय."

मामा जरा थबकला. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "असू दे की. तुमी आईमानूस हाय."

मी तालमीत जाऊन सांगितलं तसे वस्ताद भडकले. "नक्को! उसकू बोल, दुसरी जगा देख!" मग खाली बसून समजावणीच्या सुरात म्हणाले, "बेटा, तो तुमच्याकडं जेवून तगडा झाला तर तुझं नुकसान. आणि आजारी पडला तर तुझं नाव. तू कशाला या फंदात पडतोस?"

मी हे सगळं आईला सांगितलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, "जेवाय आलेल्या मानसाला मी माघारी लावत न्हाई. पन तू त्याच्या ताटाला हात लावायचा न्हाई. त्याला मीच वाढीन."

तसं ठरलं आणि तसंच चाललं. तो पंगतीच्या टोकाला बसायचा. मी चुलीशी. आई मधे. तो जेवताना माझ्याकडं बघत नाही असं दाखवायचा, पण मी पाण्याची घागर उचलली की त्याची नजर माझ्या खांद्यावर यायची. मीही त्याचा हात बघायचो. भाकरी मोडताना त्याच्या कोपराखालची शीर कशी उठते, उठताना तो कुठल्या गुडघ्यावर भार देतो. डावा गुडघा तो जपत होता. हे मी वस्तादांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "आणि तुझं काय काय तो त्याच्या मामाला सांगत असेल?" 

एकदाच आम्ही बोललो. आई मागं धुणं वाळत घालत होती.

"भाकरी तुमी थापता व्हय?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मला बी येती. पन मामा हसतो."

एवढंच. पण त्या दिवसापासून मला त्याचा राग करणं जड जाऊ लागलं, आणि कुस्ती तर जवळ येत होती.

भोगीच्या दिवशी आई सकाळीच घरी गेली. भोगीला बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकरी आणि घेवडा, गाजर, वांगी, ओले हरभरे घातलेली भाजी घरच्या चुलीवर झालीच पाहिजे, हा तिचा नेम. "पंगतीच्या आदी येते," म्हणून गेली. पण त्या दिवशी जत्रेची माणसं गावात लोटली होती आणि पंगत लवकर भरली. नवखे लोक, गडबड, पाणी संपलेलं. तोही लवकर आला. मी एकटा. त्याच्यासमोर रिकामं ताट होतं आणि मी बाजूच्या माणसाला वाढत होतो. त्याला वगळून पुढं कसं जायचं? मी वाढलं. भाकरी, आमटी, भाजी. तो जेवला. "भाजी चांगली झालीया," म्हणाला आणि गेला. आई आली तेव्हा त्याचं ताट घासायला पडलं होतं. तिनं विचारलं, "कुनी वाढलं?" मी सांगितलं. तिनं ते ताट स्वतःच घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. दुपारची पंगत बसली होती. दारात मामा उभा राहिला. डोक्याला फेटा नव्हता, डोळे लाल. मला वाटलं, पाणी मागतोय. तो चपलांसकट आत आला.

"काय घातलंस रं माझ्या भाच्याला?"

पंगत थांबली. मी भाकरी थापत होतो, हात तसाच परातीत राहिला.

"काल संध्याकाळपास्नं उलट्या आन् ढाळ. उबं ऱ्हाता येईना त्याला. काल वाढलं कुनी? बोल की! तूच वाढलंस न्हवं?"

"मी वाढलं," मी म्हणालो. "सगळ्यांना तेच वाढलं."

"समदे ठणठणीत हायती. माझंच पोर कसं पडलं?"

पंगतीत कुणीतरी हातातला घास ताटात ठेवला. मग शेजारच्यानं. मग तिसऱ्यानं. आवाज काहीच झाला नाही. एवढी माणसं एकदम जेवायची थांबली की खोली किती शांत होते, ते मला त्या दिवशी कळलं. एकजण उठला, हात धुतला आणि कुणाकडं न बघता बाहेर पडला.

आई चुलीपासून उठली. मला वाटलं, ती मामाला काही ऐकवेल. तिनं हंडीतली आमटी वाटीत घेतली आणि उभ्यानंच प्याली. भाजी खाल्ली. ताक प्याली. मग पदरानं तोंड पुसून मामाला म्हणाली, "पोरगा कुटं हाय? पोटात काय गेलंय का कालपास्नं?"

मामानं नकारार्थी मान हलवली.

"न्हाई न्हवं? मग भांडनं मागनं कर."

तिनं ज्वारीच्या कण्या शिजत घातल्या. पातळ, मिठाची चिमूट टाकून. ते शिजेपर्यंत मामा दारात उभा होता आणि पंगतीतले उरलेले लोक एकेक करून उठले. कुणी जेवण पुरं केलं नाही. कण्यांचं पातेलं फडक्यात बांधून आईनं माझ्या हातात दिलं. "चल."

वखारीमागं बघ्यांची गर्दी होती. मला बघून लोक बाजूला झाले, पण वाट देण्यासाठी माणूस बाजूला होतो तसे नव्हे. कुणीतरी मागून म्हणालं, "ह्योच त्यो." खोलीत तो घोंगडीवर पडला होता. एका रात्रीत त्याचे गाल आत गेले होते. मला बघून त्यानं नजर वळवली. तेव्हा मला वाटलं, हाही माझ्यावर संशय घेतोय.

मामा दारात आडवा आला. "ह्यांच्या हातचं आता काय बी न्हाई."

आई खाली बसली. पातेल्यातल्या कण्या तिनं ताटलीत काढल्या, त्याच्यासमोर आधी स्वतः खाल्ल्या. मग त्याच ताटलीत त्याला वाढल्या आणि म्हणाली, "बाळा, दोन घास घे. उगं मरशील."

तो उठून बसला आणि खाऊ लागला.  मामा तोंड फिरवून उभा राहिला.

त्या दिवसापासून आई रोज कण्या किंवा पेज घेऊन जाऊ लागली. मी गेलो नाही. पंचांनी कुस्ती जत्रेच्या अगदी शेवटच्या दिवसावर ढकलली. मला वाटलं होतं, तो बरा झाला की बोभाटा निवेल. उलट झालं. पेठेत, पाणवठ्यावर, कुस्तीच्या मैदानाभोवती, जिथं जावं तिथं हीच गोष्ट. खानावळवाल्या पैलवानानं जोडीला विष घातलं. पंगत निम्म्यावर आली. मळलेलं पीठ उरू लागलं. आई ते आंबवून सकाळी आंबील करायची आणि फुकट वाटायची. तीही घ्यायला लोक कचरत.

तालमीतही फरक पडला. माझ्याबरोबर लढत घ्यायला पोरं पुढं येईनात. सकाळी हौद्याच्या कडेला मी एकटा उभा राहायचो. एके दिवशी वस्तादांनी मला बाजूला घेतलं.

"खरं सांग. काही घातलंस?"

"वस्ताद, तुम्ही विचारता?"

"मी नाही विचारणार तर कोण विचारणार? बाकीचे पाठीमागं बोलतात. मी तोंडावर विचारतो."

"नाही घातलं."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग पोरांकडं वळून दखनीत अशा शिव्या दिल्या की दोघेतिघे धावत हौद्यात उतरले. पण ते माझ्याशी लढत असताना हात आखडून लढत होते, हे मला कळत होतं.

मला ती कुस्ती खेळायचीच नव्हती. जिंकलो तर लोक म्हणणार, विषानं काम केलं. हरलो तर म्हणणार, पापानं हात गळाले. आणि नाव मागं घेतलं तर भ्यालो. घरी जेवताना मी हे आईपुढं बोललो. तिनं माझ्या भाकरीवर तूप सोडलं.

"खेळ," ती म्हणाली. "लोकं काय म्हनत्यात ते आपल्या चुलीवर शिजत न्हाई."

"पण तू रोज त्याच्याकडं जातेस. तो काय म्हणतो? त्याला तरी खरं वाटतं का?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "त्याला बरं वाटतंय आता," एवढंच म्हणाली. मी त्यावर अधिक विचार केला नाही. करायला हवा होता.

कुस्तीच्या दिवशी मैदान माणसांनी भरून गेलं होतं. झाडांवर माणसं, बैलगाड्यांवर माणसं. माझं नाव पुकारलं तेव्हा ओरडा उठला. "इखवाला! इखवाला!" हलगीवाल्यानं हलगी जोरात वाजवली, तेव्हा कुठं आवाज दबला. तो समोरून आला. बरा दिसत होता, पण बरगड्या अजून उघड्या होत्या. आम्ही माती उचलून एकमेकांच्या अंगाला लावली. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

सुरुवातीला आम्ही मनगटं धरून एकमेकांना चाचपत राहिलो. त्याच्यात जोर कमी होता, पण हात तसेच लांब. मी मान दाबली, त्याचा डावा गुडघा वाकला, आणि मी पट काढून, म्हणजे खाली वाकून त्याचे पाय धरून, त्याला खाली घेतला. तो पालथा, मी पाठीवर.  घिस्सा मारायचा म्हणजे खालच्या पैलवानाच्या लंगोटाला हात घालून त्याला उलटा ओढायचा. हा माझा हातखंडा डाव. मी हात घातला. माझ्या पंजाखाली त्याच्या बरगड्या लागल्या, कोंबडीच्या पिल्लासारख्या. आणि त्या क्षणी मी थांबलो की दमलो की तो घट्ट चिकटून राहिला, हे मला पुढं कितीतरी दिवस सांगता येत नव्हतं. तो सुटला, उभा राहिला. मी पुन्हा पटात शिरलो. त्यानं माझा हात बगलेत धरला, कंबर फिरवली, आणि मला आकाश दिसलं. स्वच्छ, थंडीतलं, निळं. पाठ मातीला लागली होती.

त्याला फेटा बांधला. मी नारळ घेऊन खाली उतरलो. वाटेत एक माणूस म्हणाला, "पाप फेडलंस व्हय रं, मुद्दाम पडून?" मी त्याच्या अंगावर गेलो असतो. वस्तादांनी मागून दंड धरला.

घरी आलो तर आईनं पाणी तापवून ठेवलं होतं. मी अंघोळ केली, जेवायला बसलो. ती वाढता वाढता म्हणाली, "आता तुला सांगते. तवा सांगितलं न्हाई."

मग तिनं सांगितलं. भोगीच्या दुपारी, आमच्याकडं जेवून गेल्यावर, शेटजींनी त्याला घरी बोलावलं होतं. पाहुणे आले होते, त्यांना आपला पैलवान दाखवायचा होता. पाहुण्यांना आत चहा दिला. ह्याला अंगणात उभं करून भांडंभर ताक दिलं. बाहेरच्या माणसांसाठी ठेवलेलं पितळेचं जुनं भांडं, कल्हई पार उडालेली. आंबट ताक त्यात कळकलं होतं. त्याच्या जिभेला चव लागली होती, पण शेटजींच्या समोर थुंकणार कसा? पोटात घातलं. आणि मामानं बाहेर पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणून शपथ घातलेली. सांगितलं तर मामा मारणार, शेटजींचं नाव घेतलं तर खुराक बंद.

"त्यानं तुला कधी सांगितलं?"

"कण्या दिल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. रडत हुता."

"म्हणजे मी मैदानात उतरलो तेव्हा तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आणि तू मला ऐकू दिलंस ते सगळं? इखवाला म्हणून?"

"तुला सांगितलं असतं तर तू रागानं उतरला असतास. त्या पोराच्या अंगात काय बी ऱ्हायलं नव्हतं. हाड मोडलं असतंस त्याचं." तिनं भाकरी ताटात ठेवली. "आन् मी त्याला सबूद दिलाय. सांगायचं ते त्यानं सांगावं. आपन न्हाई."

मी ताटावरून उठलो. तिच्या हातचं अन्न टाकून उठायची माझी ती पहिली वेळ. ती ओरडली नाही, समजूतही घातली नाही. ताट झाकून ठेवलं आणि खानावळीत पीठ चाळायला गेली.

पुढचे आठवडे फार वाईट गेले. मामा-भाचा गावी निघून गेले होते. मला सत्य माहीत होतं आणि तोंड उघडायची सोय नव्हती. दोनतीनदा बाजारात ते ओठावर आलं. शेटजी पेढीवर बसलेला दिसायचा, पांढरी गादी, पानाचा डबा. पण आई शब्द देऊन बसली होती. पंगतीत मोजकी माणसं. आई तेवढ्याच मनानं वाढायची, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. आम्ही दोघं एका चुलीशी बसून कामापुरतं बोलत होतो. तालमीत मी जोर मारायचो, पण लढतीत हात पुढं जात नव्हता. घिस्सा ओढायची वेळ आली की बरगड्यांचा तो स्पर्श आठवायचा. मी खरंच हरलो की हरू दिलं, हेच मला कळत नव्हतं.

उन्हं तापायला लागली होती. दुपारची पंगत बसली होती आणि दारात दोघं उभे राहिले. तो आणि मामा. मी परातीवरून उठलो. माझ्या मुठी वळल्या, हे मला आईनं मनगट धरलं तेव्हा कळलं.

तो आत आला. चपला बाहेर काढून. पंगतीच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्यानं बोलू लागला. आवाज फाटत होता.

"मंडळी, आईका. मी भोगीच्या दिशी दुसरीकडं कळकलेलं ताक प्यालो. त्यानं मी पडलो. ह्या माउलीच्या अन्नानं न्हाई, ह्या पैलवानाच्या हातानं न्हाई. मला ठावं हुतं. मी गप बसलो."

 विणकरांतल्या एकानं दुसऱ्याला ते तेलुगूत सांगितलं. दुसरा माझ्याकडं बघून मान हलवत राहिला.

"आता का सांगतोस?" मी विचारलं. माझा आवाज चांगला नव्हता.

"मामा गावोगाव सांगत सुटला. इख पचवून जिंकला माझा भाचा, म्हनून. लोक माझी मिरवनूक काढाय लागले, इख पचवल्याच्या आरोळ्या द्याय लागले. एका गावात मामा असंच सांगत हुता, तितं मी उटून बोललो. समद्यांम्होरं."

मामा दारातच उभा होता. त्यानं आईला हात जोडले. आई म्हणाली, "उनातनं आलाय. बसा. आधी जेवा." मामा पंगतीत बसला. मान खाली घालून जेवला. चटणी दोनदा मागून घेतली.

मी जेवलो नाही. तो हात धुऊन माझ्यापाशी आला. "तुमी मला मारलं तरी चालंल," म्हणाला.

"मारायचं नाही," मी म्हणालो. "तालमीत चल."

वस्तादांना सांगितलं तेव्हा त्यांनी तालमीचं दार लावून घेतलं. हलगी नाही, फेटा नाही, माणसं नाहीत. मामा एका कोपऱ्यात, वस्ताद दुसऱ्या. तो आता चांगला भरला होता. मी मान दाबली, पट काढला, त्याला खाली घेतला. मैदानात झालं होतं तसंच. मी लंगोटाला हात घातला आणि या वेळी घिस्सा पुरा ओढला. असेल नसेल तेवढा जोर लावून. तो उलटला नाही. जमिनीत खुंटा ठोकावा तसा राहिला. मग फिरला, उठला, माझा हात बगलेत गेला, त्याची कंबर वळली, आणि तालमीचं कौलारू छप्पर माझ्या डोळ्यांसमोर आलं.

मी मातीत पडून हसायला लागलो. तो घाबरून माझ्यावर वाकला. मामाही धावत आला.

वस्ताद वरून बघत म्हणाले, "अब समझा? तू कच्चा है, बस्स."

इतकं बरं मला त्या वर्षात कधी वाटलं नव्हतं. घरी जाऊन आईला सांगितलं, मी पुन्हा हरलो. तिनं विचारलं, "भूक लागलीय का?" मी हो म्हणालो.

ताकाची गोष्ट शेटजींच्या कानावर गेली आणि त्यांनी त्याचा खुराक बंद केला. तो थोडे दिवस गिरणीत लागला, आमच्या पंगतीत जेवला, माझ्याबरोबर लढला. त्या उन्हाळ्यात ज्यानं मला दोनदा चीत केलं, तो ढाकेचा डाव त्यानं मला शिकवला; त्यावर मी पुढं बऱ्याच कुस्त्या मारल्या. मग त्याच्या वडिलांना शेतीला माणूस हवं झालं आणि तो मंगळवेढ्याकडं परत गेला.

खानावळ सावरली, पण एकदम नाही. काही लोक चार दिवसांत परत आले, काही वर्षानं, काही आलेच नाहीत. एक म्हातारा साचेवाला होता, वडिलांच्या बरोबरचा. तो आमच्या दारावरून जायचा आणि आत बघायचा नाही. त्याला अजून संशय आहे, असं मी धरून चाललो होतो आणि मनातून त्याच्यावर चिडून होतो. पुढं कधीतरी मी त्याला रस्त्यात थांबवून विचारलंच.

"अरं, तसलं काय न्हाई," तो म्हणाला. "तवा दुसरीकडं जेवाय लागलो, ते गिरणीच्या दाराशीच हाय. माझं गुडगं दुकत्यात. तुझी आई बरी हाय न्हवं?"

मी म्हणालो, बरी आहे. आणि तो काठी टेकत पुढं गेला.